नान्नांना ऐकू यावा म्हणून केलेला अल्बम : सोलापुरातलं एक प्रकरण

हे प्रकरण आमच्या पूर्व भागातलं आहे. पोरगा २३ वर्षांचा, गिटार वाजवतो, गाणी स्वतःच लिहितो आणि स्वतःच गातो, पॉप रॉक म्हणतात तसलं. त्याचा दुसरा अल्बम आम्ही माझ्या खोलीत केला, मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र बसवायचं काम, मी केलं, त्यामुळं सगळं आतनं बघितलंय. नाव देत नाही, घरच्यांनी तसं सांगितलंय आणि त्यांच्या घरातलं बरंच काही त्या गाण्यांत आहे. मला तो अण्णा म्हणतो. माझं मूळ काम मंडपाचं साऊंड, लग्न, गणपती, जयंत्या, आणि वरच्या मजल्यावर दहा बाय बाराची एक खोली रेकॉर्डिंगला ठेवलीय. स्वतःच्या घरावर गाणी करायचीत म्हणून आता बरीच पोरं माझ्याकडं येतात आणि प्रत्येकाला हे तोंडी सांगून होत नाही, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय.

पहिला अल्बम त्यानं विसाव्या वर्षी पुण्यात एका स्टुडिओत केला होता. सहा गाणी, सगळी हिंदी, पाऊस, समुद्र, कॅफेतली मुलगी. वाजवणारे चांगले होते, रेकॉर्डिंग स्वच्छ होतं, मी आजही त्याला वाईट म्हणणार नाही, पण मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत भाजणाऱ्या गावातल्या पोरानं समुद्रावर तीन गाणी लिहिली हे मला तेव्हाच खटकलं होतं आणि मी गप्प बसलो, बोलायला हवं होतं. पैसे नान्नांनी दिले होते. नान्ना म्हणजे त्याचे वडील, तेलुगू घर आहे, चार पिढ्या सोलापुरात, घरात तेलुगू, गल्लीत मराठी, शाळेत मराठी आणि हिंदी.

अल्बम आला त्या दिवशी नान्नांनी मोबाईल कानाला लावून सहाही गाणी ऐकली, मान डोलावली, "चांगलंय" म्हणाले. पुढं कधीतरी त्यानं विचारलं कुठलं गाणं आवडलं, तर म्हणाले, "ते टाळ्या वाजतात बघ, ते." एकाही गाण्यात टाळ्या नव्हत्या, स्नेअर ड्रम होता तो. शब्द तर लांबच, गाणं हिंदीत आहे का तेलुगूत तेही त्यांना कळलं नव्हतं. घरात कुणाच्या हे आधी लक्षात आलं नाही कारण सगळ्यांना सवय झालेली, टीव्ही मोठ्यानं, हाक मोठ्यानं, आणि ते काही बोलले नाहीत की "त्यांच्या विचारात आहेत" असं समजायचं.

नान्नांनी ३१ वर्षं यंत्रमाग चालवले. आधी दुसऱ्याच्या कारखान्यात, मग स्वतःचे चार माग, जेकार्ड (नक्षी विणायचं यंत्र) लावलेले, सोलापुरी चादरीचे. मी एकदा चालू कारखान्यात मोबाईलच्या ॲपवर आवाज मोजला तर ९६-९७ डेसिबल दाखवत होता. मोबाईलचं मोजणं काटेकोर नसतं हे मान्य, पण आपल्याकडं कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा धरतात आणि नान्ना बारा-बारा तास तिथं उभे असायचे, कानात फार तर कापसाचा बोळा.

शेवटी पोरगं त्यांना कानाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलं. तपासणीचा आलेख आला त्यात रेघ सुरुवातीला बरी चालते आणि ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यात पडते (हर्ट्झ म्हणजे आवाज किती बारीक त्याचं माप, आकडा मोठा तितका आवाज बारीक). कारखान्याच्या आवाजानं गेलेल्या कानाची ही ओळखीची खूण आहे, आतल्या कानात केसासारख्या बारीक पेशी असतात त्या मेल्या की परत येत नाहीत. आता ह्याचा गाण्याशी संबंध काय तर आ, ऊ, ओ असल्या स्वरांचा जोर खालच्या भागात असतो, तो त्यांना ऐकू येतो. स, श, फ, त, क ह्या व्यंजनांचा बराचसा आवाज वर, दोन हजारांच्या पुढं, आणि स तर पाच-सहा हजारांच्याही वर. म्हणजे कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. बरं नुसता आवाज वाढवून भागत नाही, कारण असल्या कानाला हळू आवाज ऐकूच येत नाही आणि थोडा वाढवला की एकदम टोचायला लागतो, ऐकू येणं आणि दुखणं ह्यातलं अंतरच कमी झालेलं असतं. अम्मा नेहमी म्हणायच्या की हळू बोललं तर "काय?" म्हणतात आणि मोठ्यानं बोललं तर "ओरडलालीस कशाला?" म्हणतात, त्यांना वाटायचं स्वभावच तसला आहे. रिपोर्ट बघून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

त्याच दिवशी संध्याकाळी तो रिपोर्ट घेऊन माझ्याकडं आला आणि टेबलावर ठेवून म्हणाला, "अण्णा, ह्या रेघेला ऐकू येईल असा अल्बम करायचाय."

मी सरळ उपाय सुचवला, नान्नांसाठी वेगळं मिक्स करून पेन ड्राइव्हवर देऊ आणि बाकी लोकांसाठी नेहमीसारखं करू. त्यानं ऐकलं नाही. म्हणाला, मग ते माझा अल्बम ऐकत नाहीत ओ, त्यांच्यासाठी केलेलं काहीतरी ऐकतात. मला ते तेव्हा हट्टीपणाचं वाटलं. आज मी उलट म्हणतो, हाच निर्णय पूर्ण कामाचा पाया ठरला, कारण पुढं जिथं जिथं अडलं तिथं एकच प्रश्न विचारायचा होता, नान्नांना हे कळेल का.

बाहेर चर्चा करताना पोरं मोठ्या कलाकारांची उदाहरणं देतात म्हणून एक सांगतो, त्यानंच मला सांगितलेलं. ॲव्हरिल लव्हीन ही कॅनडाची पोरगी, पहिला अल्बम २००२ मध्ये, वय १७, त्यातली गाजलेली गाणी लेखक-निर्मात्यांच्या तयार टीमबरोबर केलेली. २००४ च्या दुसऱ्या अल्बमला ती बरीच गाणी चँटल क्रेवियाझुक ह्या दुसऱ्या गायिकेबरोबर बसून लिहायला लागली आणि सूर एकदम गडद झाला, आपला झाला. ह्याचंही तसंच म्हणणं होतं की पुण्याची टीम नको, ओळखीच्या माणसाबरोबर बसायचंय. आणि खोलीची लाज वाटत असेल तर बिली आयलिश आणि तिच्या भावानं २०१९ चा पहिला अल्बम घरातल्या बेडरूममध्ये केला होता, त्याला ग्रॅमी मिळालं.

आता शब्दांचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथंच गेला आणि मला स्वतःला सगळ्यात जास्त तिथंच शिकायला मिळालं.

पहिलं गाणं मराठीत लिहून आणलं, माग बंद झाल्याच्या दिवसाचं. त्यात ओळ होती, "सूत सुटलं हातातून". गिटार आणि आवाज एवढंच रेकॉर्ड करून नान्नांना ऐकवलं आणि ओळ परत म्हणायला सांगितली. ते म्हणाले, "दूध उतलं." हसायलाच आलं सगळ्यांना, तेही हसले, पण पोरगं हसलं नाही, वही घेऊन बसलं. दुसऱ्या दिवशी ओळ आली, "धागा गेला हातातून". नान्नांनी पहिल्या झटक्यात बरोबर म्हणून दाखवली. ध, ग, ल ही घोष व्यंजनं, घशातनं घुमतात, त्यांचा आवाज खालच्या भागात बराच असतो, तो नान्नांच्या कानाला पोचतो. मग तो खेळच झाला. प्रत्येक गाण्यातले स आणि श मोजायचे, महत्त्वाचा शब्द स वर उभा असेल तर बदलायचा, ग, ज, ड, ध, ब, म, न, र, ल ह्यांच्यावर गाणं उभं करायचं. शहराचं नावच स नं सुरू होतं, त्यामुळं अख्ख्या अल्बममध्ये सोलापूर हा शब्द नाही, "गाव" आहे. सगळे स काढले असंही नाही, ओळीचा अर्थ आजूबाजूच्या शब्दांवरनं लागत असेल तर ठेवले, कारण बहिरा माणूस अंदाजानं बरंच भरून काढतो, फक्त त्याला पकडायला ठिकठिकाणी एक-दोन शब्द पक्के लागतात. ओळीही छोट्या झाल्या, आणि दोन ओळींच्या मध्ये श्वासभर जागा राहिली.

ह्या अटीनं लिहिणं वाईट होईल असं मला वाटलेलं. झालं उलटंच. पहिल्या अल्बमातले एहसास, साहिल, ख्वाहिश असले उसने शब्द आपोआप गळाले आणि धागा, माग, बीम, अंगण, वाडगं, गोधडी असले घरातले शब्द आले, ज्यांना नान्ना अर्धवट ऐकलं तरी ओळखतात. एका गाण्याचं धृपद तेलुगूत आहे, "विनपडतुंदा नान्ना", म्हणजे ऐकू येतंय का.

वाद्यांमध्ये मात्र आमचं भांडण झालं. पॉप रॉक म्हणलं की डिस्टॉर्शनवाली, म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेल्या आवाजाची गिटार पाहिजे आणि ती गिटार एक हजार ते पाच हजार हर्ट्झपर्यंत सगळी जागा व्यापून बसते, म्हणजे नेमकी शब्दांची जागा. त्यानं सांगितलं, मी गातो तेव्हा ती वाजणारच नाही. मी म्हणलं, मग रॉक कुठं राहिलं बे? शेवटी ठरलं ते असं की ओळ संपली की गिटार जोरात येते आणि पुढची ओळ सुरू व्हायच्या आत मागं सरते, प्रश्न-उत्तरासारखं. भजनात मुख्य बुवा म्हणतो आणि मागनं सगळे उचलतात ना, तशी चाल झाली. बेसलाही आवर घालावा लागला कारण खालचा जाड आवाज वरच्या बारीक आवाजाला झाकून टाकतो आणि कमजोर कानात हे झाकणं आणखी जास्त होतं. त्यानं स्वतः गाण्यांची पट्टीही दोन स्वर खाली आणली, वर ताणून गाताना त्याचे शब्द चेपायचे.

खोलीचं थोडक्यात सांगतो. भिंतीवर चादरी टांगल्यात, सोलापुरात त्याची काय कमी. पण चादर भिंतीला चिकटवून लावली तर फक्त वरचे सूर खाते आणि खाली घुमणं तसंच राहतं, म्हणून चार-पाच इंच अंतर सोडून दोन-दोन थर लावले आणि चारी कोपऱ्यांत सुती वेस्टची गाठोडी छतापर्यंत रचली. पाणी सोडायच्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या मोटारी चालू, तेव्हा रेकॉर्डिंग बंद. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतही काही केलं नाही, संक्रांतीच्या वेळी नंदीध्वज निघतात तेव्हा घरात बसून गाणं करणारा माणूस सोलापूरचा नाही.

मागाच्या आवाजाची कल्पना त्याचीच. त्याला ड्रमच्या जागी खरा माग पाहिजे होता. घरचे चारही माग भंगारात गेलेले, मग ओळखीच्या एका कारखान्यात सुट्टीच्या दिवशी एकच माग चालू करायची परवानगी घेतली. दोन्ही टोकांना एक-एक माईक लावला. धोटा, म्हणजे आडवं सूत घेऊन इकडून तिकडं धावणारा लाकडी तुकडा, एकदा डावीकडनं मारला जातो, एकदा उजवीकडनं, त्यामुळं डावा ठोका डाव्या कानात आणि उजवा उजव्या कानात, आपोआप स्टिरिओ. वेग मिनिटाला ११२ ठोक्यांच्या आसपास, पण पक्का नाही, व्होल्टेज हललं की तोही हलतो. मी कॉम्प्युटरवर त्याला सरळ करायला घेतलं तर त्यातला जीव गेला, म्हणून उलटं केलं, मागाच्या ठोक्यावरनं टेम्पोचा नकाशा बनवला आणि गिटार, आवाज सगळं त्यावर वाजवलं, माग पुढं गेला की गाणंही पुढं जातं.

हे रेकॉर्डिंग नान्नांना ऐकवलं. आम्हाला वाटलं डोळ्यांत पाणी वगैरे येईल. त्यांनी डोळे मिटले, दहा सेकंद ऐकलं आणि म्हणाले, "ह्याचा डावा ठोका मागं पडलालाय. पिकर झिजलाय. चादर बिघडवणार हा माग."

पिकर म्हणजे धोट्याला ठोका मारणारा भाग. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. मी तीन दिवस तो आवाज हेडफोनवर ऐकत होतो, मला काही कळलं नव्हतं. माणसाच्या बोलण्यातला अर्धा भाग ज्यांना ऐकू येत नाही त्यांना धप्प आवाजातला सेकंदाचा बारीकसा भाग ऐकू आला, कारण तो आवाज खालच्या पट्टीतला, आणि त्यांचा ३१ वर्षांचा कान तिथं अजून शाबूत आहे. पुढच्या सुट्टीच्या दिवशी ते आमच्याबरोबर कारखान्यात आले, मालकाला सांगून पिकर बदलला, काठीचा पट्टा आवळला, हात लावून लावून माग बसवला आणि म्हणाले, आता घ्या. अल्बममध्ये आहे ते हे दुसरं रेकॉर्डिंग. दोन्ही शेजारी शेजारी लावून ऐकली तर आता मलाही फरक कळतो. श्रेयनामावलीत ड्रमच्या ओळीत त्यांचं नाव आहे आणि ते पोरानं त्यांना न विचारता घातलेली एकमेव गोष्ट आहे.

कारण बाकी सगळं विचारून केलं. हे मी आधीपासून लावून धरलं होतं आणि ह्यात मी बरोबर होतो असं मला आजही वाटतं. घरातल्या माणसावर गाणं लिहिलं की ते रेकॉर्ड करायच्या आधी त्या माणसाला वाचून दाखवायचं, आणि ते नको म्हणाले तर नको. नान्नांच्या गाण्यात माग भंगारात किती रुपये किलोनं गेले तो आकडा होता. ते म्हणाले, "बाकी सगळं ठेव, तेवढा आकडा काढ." का ते सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. आता तिथं आकड्याच्या जागी दोन ठोके नुसता माग वाजतो, आणि मला विचाराल तर ती अल्बममधली सगळ्यात जड जागा झालीय. अम्मांनी कितीतरी वर्षं घरी विड्या वळल्या, त्यांच्या गाण्यात ते नव्हतंच, त्याला वाटलेलं त्यांना आवडणार नाही. त्या म्हणाल्या, "त्यात लाजायचं काय आहे रे? तुझ्या फिया त्यावरच भरल्या." मग हजारी आली, हजार विड्यांचा हिशोब, सुपात पानं, अंगठ्याला बांधलेला दोरा.

अक्काचं गाणं मात्र गेलं. तिचं लग्न ठरून मोडलं होतं त्यावर ते होतं आणि मी खरं सांगतो, दहातलं सगळ्यात चांगलं गाणं तेच होतं. तिनं पूर्ण ऐकलं, म्हणाली चांगलं लिहिलायस, पण मला अजून ह्याच गावात राहायचंय. पोरगं दोन दिवस माझ्याकडं आलं नाही. तिसऱ्या दिवशी आलं, माझ्यासमोर फाईल डिलीट केली, बॅकअपमधली पण करायला लावली. आणखी एक गाणं त्याला स्वतःलाच कच्चं वाटलं, ते काढलं. राहिली आठ.

मिक्सिंगला सगळ्यात उपयोगी पडला तो कॉम्प्रेसर. आवाजातलं हळू वर आणायचं आणि मोठं दाबायचं, कानाच्या मशीनमध्येही साधारण हेच तत्त्व असतं. ४००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज इक्वलायझरनं उचलायचा मोह झाला होता, केलंही, पण बाकी लोकांच्या कानाला ते पत्र्यासारखं लागायला लागलं आणि नान्नांना फार फरक पडला नाही, जिथं पेशीच नाहीत तिथं ढकलून काय होणार. ते काढून टाकलं. अल्बम खूप मोठ्या आवाजाचाही केला नाही, स्पॉटिफाय तसाही सगळं उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा त्याचं माप) आसपास आणून ठेवतं. प्रत्येक मिक्स तीन ठिकाणी ऐकलं, माझे स्पीकर, रिक्षा, आणि नान्नांचा मोबाईल, आणि तिसऱ्याचा निकाल अंतिम.

कागदपत्रांचं एवढंच की बेस वाजवणारा आणि एका चालीत मदत केलेला मित्र, दोघांबरोबर पहिल्याच आठवड्यात लेखी केलं. कॉपीराइट कायद्यात २०१२ ला झालेल्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कुणाला लिहून देऊन टाकता येत नाही, तरी नंतरची कटकट नको म्हणून कुणाचं काय ते आधीच लिहिलेलं बरं.

अल्बम आल्यावर आकडे फार मोठे झाले नाहीत, पहिल्यापेक्षा जास्त ऐकला गेला, पण मला सांगण्यासारखं वाटतं ते वेगळंच. यंत्रमागवाल्या घरांतली पोरं त्याला मेसेज करतात की आमच्या पप्पांनी शेवटपर्यंत ऐकलं. दोघा-तिघांनी वडलांचे कान तपासून घेतले. हा स्वतः आता प्रॅक्टिसला कानात प्लग घालून बसतो, बँडमधल्या बाकीच्यांनाही घालायला लावतो. नान्नांना मशीन मिळालंय, बाहेर घालत नाहीत, घरी जेवताना घालतात.

स्टेजवर काय करायचं ते मात्र अजून सुटलेलं नाही. सभागृहात आवाज घुमतो आणि घुमलेल्या आवाजात नान्नांना पुन्हा पहिल्यासारखं होतं, नुसता गलका. सध्या मी त्यांना माझ्या मिक्सरशेजारी खुर्ची देतो आणि सरळ मिक्सरमधनं हेडफोन लावून देतो, एवढाच जुगाड आहे.

आठही गाण्यांतल्या ओळी ते आता म्हणून दाखवतात, एक शब्द सोडून. अम्माच्या गाण्यातली हजारी त्यांना अजून बाजारी ऐकू येते. पोरगं ती ओळ परत गायला तयार होतं, माईकही लावला होता. अम्मा म्हणाल्या, "राहू दे की, बाजारातच जायची ती."